तळटीप : ‘लोटस एलान’चा सांगाडा

१. मूळ लेखकाने येथे ज्या गाडीचा निर्देश केला आहे, ती इंग्लंडातील लोटस कंपनीने १९६२ साली बाजारात आणलेली एलान होय. कॉलिन चॅपमन यांच्या याच कंपनीची आधीची एलीट ही गाडी मुख्यतः काचतंतूंच्या कवचावर उभी होती आणि मागील डिफरन्शियल ज्या ठिकाणी त्या कवचास जोडला होता, तेथे ताण एकवटून कवच फाटण्याची तक्रार होत असे. एलानमध्ये मात्र पातळ पोलादी पत्रा दुमडून केलेला, मध्यभागी पेटीसारखा बंदिस्त व दोन्ही टोकांस दुभागलेला कणा देण्याची तजवीज झाली. पीळ सहन करण्याची या कण्याची शक्ती पत्र्याच्या जाडीत नसून त्याच्या बंदिस्त आकारात असल्यामुळे, एखादी कड गंजली अथवा सांधा तडकला की ती शक्ती झपाट्याने क्षीण होते. त्यातही पुढील आडवा भाग आतून पोकळ असून तो उघडमीट होणाऱ्या दिव्यांसाठी निर्वात टाकी म्हणून वापरला गेला आहे. पाण्याचा निचरा नीट न झाल्यास गंज आतल्या आत पसरतो आणि पुढील सस्पेन्शनचे आधार ढिले होईपर्यंत बाहेरून त्याचा मागमूसही लागत नाही. कंपनीने पुढे जस्तविलेपित सांगाडे पुरविले, ही गोष्ट लक्षात घेता, लेखकाने सांगाडा बिघडण्याचा सारा दोष बेफाम चालकांच्या माथी मारला आहे तो सरसकट ग्राह्य धरता येत नाही. — संपादक