शाळा कुरणात गेली तेव्हा

दाभोशाकडचे गुरुजी, हजेरीपत्रक उघडावे तो पोर गुरांमागे गेलेले, हा अनुभव आपल्या भागात जुनाच. अभ्यासक्रम का बदलतो, हे त्या रिकाम्या जागेकडे पाहिले की कळते.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे असा विचार मांडला. झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. सूतकताई, शेती शाळेत आली. चांगलेच झाले. पण जे पोर शाळेची पायरीच चढत नाही, त्याला टकळी काय नि पुस्तक काय!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी नेमके हेच पाहिले. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम मांडले. १९५७ साली ते आपल्याच जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची पोरे गुरे सोडून येईनात, तेव्हा बाईंनी शाळाच कुरणात नेली! तिला नाव पडले कुरणशाळा. गुरे चरत राहिली आणि पाने, बिया, खडे हेच शिकण्याचे साहित्य झाले.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला. १९६७ साली बालभारती स्थापन झाली. तिची पुस्तके राज्यभर पोचली, मोठी सोय झाली. मात्र घरी वारली बोलणाऱ्या पोराला पुस्तकातली मराठी परकीच वाटायची.

शिक्षण शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडावे, असे २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने सांगितले. कोसबाडचे काम सुरू होऊन तोवर ४८ वर्षे झाली होती.