काळ्या घोड्याची तागडी

जग बुडायची तारीख आमच्या भंडाऱ्यात एकदा पक्की ठरली होती. 3 ते 5 फेब्रुवारी 1962. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार होते आणि त्यातच 5 तारखेचं सूर्यग्रहण. अष्टग्रहीच्या धास्तीने देशभर यज्ञ पेटले, लोकांनी प्रवास टाळले, लग्नं पुढे ढकलली. पंडित नेहरूंनी हा प्रकार हसण्यावारी नेला, पण दिल्लीतलं हसू आमच्या गावापर्यंत पोचायला वेळ लागायचा. आजी सांगायची, शेजारच्या एकीने पाहुण्यांसाठी राखलेला कोंबडा त्याच आठवड्यात कापला. "मरायचंच हाये त कोंबडा कोनासाठी ठेवू, बाबू?" सहा तारखेच्या सकाळी सगळे धडधाकट उठले, फक्त आरवायला कोंबडा नव्हता. महिना संपायच्या आत त्याच लोकांनी लोकसभेसाठी मतं टाकली.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट हसण्याची होती. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि पारावर सूर बदलला. ग्रहांनी आधीच सांगितलं होतं म्हणे! फेब्रुवारीत खोटं ठरलेलं भाकीत ऑक्टोबरात मागच्या दाराने घरात आलं आणि पाटावर बसलं. हा दोष एकट्या पंचांगाचा नाही, हे माझ्या आजोबांना ठाऊक होतं, कारण त्यांनी बायबल वाचलं होतं.

इंग्रजांच्या काळात भंडाऱ्याला स्कॉटलंडच्या मिशनचं ठाणं होतं. दवाखाना होता, अनाथ मुलांची सोय होती, शाळा होत्या. आजोबा तिथे शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत. घरात तुकडोजी महाराजांची भजनं चालत आणि फळीवर ज्ञानेश्वरीला टेकून मिशनचं मराठी बायबल असे. झडीच्या रात्री, बाहेर बांध्यांत बेडूक ओरडत असताना, ते कंदिलाशी बसून त्यातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, आम्हा पोरांना वाचून दाखवत. सात शिक्के, सात कर्णे, चार घोडे, समुद्रातून वर येणारं श्वापद. आम्हाला ते दंडारीच्या खेळासारखं वाटायचं. पुढे पांढऱ्या घोड्यावरचा स्वार आला की आजी चुलीपासून विचारायची, "का जी, आमचा कलंकीबी पांढऱ्याच घोड्यावर येते. तुमचा अन् आमचा एकच का मंग?" आजोबा म्हणायचे, "घोडा एक असन. स्वाराचं पाहू."

त्यांचा खरा जीव मात्र काळ्या घोड्यावर होता. त्या स्वाराच्या हाती तलवार नाही, तागडी आहे, आणि कुठूनसा आवाज धान्याचे भाव सांगतो: दिवसभराच्या मजुरीत शेरभर गहू, किंवा तीन शेर जव. म्हणजे गड्याने दिवसभर राबून एकट्याचं पोट भरावं. बायकापोरं असतील तर जवावर भागवावं. पुढचा हुकूम आणखी चमत्कारिक: तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावू नका. या पानाच्या कडेला आजोबांनी शिसपेन्सिलीने धानाचे भाव लिहून ठेवले होते. बंगालात माणसं मेली ते 1943 साल, नंतरच्या रेशनचे दिवस, मग 1972 चा दुष्काळ. आकडे बारीक, पायलीचे, काही खोडून पुन्हा लिहिलेले. बाकी पुस्तकभर कुठेही पेन्सिलीची खूण नाही.

हे पुस्तक पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन अंमलाखाली जाच सोसणाऱ्या, आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना ते उद्देशून आहे. त्याच सुमारास डोमिशियन बादशहाने प्रांतांतल्या निम्म्या द्राक्षबागा तोडायचा हुकूम काढला होता; काही जण त्या द्राक्षारसाचा धागा तिथे जोडतात. आजोबांना रोमचं काही माहीत नव्हतं. त्यांचा अर्थ साधा होता: "दुष्काळात सावकाराच्या माडीवरचं तेल नाई संपत."

त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या पणजीने, छप्पन्नाचा काळ पाहिला होता. संवत 1956, म्हणजे 1899-1900. त्याआधी 1896-97 चा दुष्काळ होऊन गेलेला. तेव्हा आपण मध्यप्रांतात होतो आणि मध्यप्रांत दोन्ही वेळा होरपळला. तलावांच्या आमच्या मुलखात तलावांना भेगा पडल्या. पणजीने काय खाल्लं, तर मोहाची फुलं, रानातले कंद, आणि कोणी दिली तर पेज. ती देवाच्या कोपाबद्दल बोलत नसे. कोणाची कोठी भरलेली होती आणि दाराला आतून कडी कोणी घातली, हे घराघराच्या खुणेनिशी सांगत असे.

पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात फिरल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन या मुलींवर उभं राहिलं. 1905 च्या जूनमध्ये तिथे जे घडलं ते ख्रिस्ती जगात आजही सांगतात: मुली रात्रीतून उठून रडू लागल्या, प्रार्थना करू लागल्या, अंगात अग्नी शिरल्याचं सांगू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी 1906 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ते चिलीतल्या वालपाराइसो शहरी एका मिशनरी बाईंच्या हाती पडलं आणि 1909 मध्ये तिथेही तसाच भर आला. हा योएल संदेष्ट्याने सांगितलेला शेवटचा पाऊस आहे, युगान्त जवळ आला आहे, असा अर्थ तेव्हा अनेकांनी लावला. इथे मला धानाच्या शेतकऱ्याची शंका येते. पॅलेस्टाइनमध्ये पेरणी हिवाळ्याच्या तोंडाशी. उन्हाळ्याआधीचा शेवटचा पाऊस दाणा भरतो, म्हणून तो आशीर्वाद. आमच्याकडे कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पडलेल्या असताना पाऊस आला, तर लोंबीतच कोंब फुटतात. हेच वचन वैनगंगेकाठी उतरलं असतं तर संदेष्ट्याने दुसरं काही मागितलं असतं.

एक भाकीत आमच्या लाइनीवर खरंही ठरलं. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, हातात नवा करार ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. नागपूरहून राजनांदगावची गाडी भंडारा रोडवरून, म्हणजे आमच्या वरठीवरूनच जाते. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झाला. आजोबांना ही हकीकत फार प्रिय. पण ते लगेच पुस्ती जोडत, की त्या साहेबाने ग्रह मोजले नाहीत, समोरचा माणूस वाचला.

प्रकटीकरणातल्या हर्मगिदोनाचं काय, असं आम्ही विचारायचो. शेवटची लढाई म्हटल्यावर पोरांना दुसरं काय सुचणार! हर्मगिदोन म्हणजे मगिद्दोचा डोंगर. ही जागा आजच्या इस्रायलात नकाशावर दाखवता येते. मिसरच्या थुटमोस राजापासून तिथे लढाया झालेल्या आहेत. सप्टेंबर 1918 मध्ये जनरल ॲलनबीने तुर्कांना त्याच भागात मोडलं, आणि त्याच्या सैन्यात भारतीय घोडदळ होतं. मगिद्दोजवळच्या मैदानात आपल्या लान्सर्सनी भाले रोखून घोडे घातले. किनाऱ्याकडच्या लढाईत 105 वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. ॲलनबीला नंतर किताब मिळाला तोही मगिद्दोच्या नावाचा. म्हणजे आपल्या माणसांनी हर्मगिदोनावर लढून झालेलं आहे, आणि जग चालूच आहे. त्याच शरदात इन्फ्लुएन्झा आला. सर्वांत जास्त मार बसलेल्या प्रांतांत मध्यप्रांत होता. सरणाला लाकूड पुरेना, असं म्हातारी माणसं सांगत. प्रकटीकरणातला चौथा घोडा, फिकट रंगाचा, रोगराई आणि मरण घेऊन येतो. मगिद्दोची बातमी आमच्याकडे कोणाला कळली असेल कोण जाणे. चौथा घोडा घरोघरी आला.

प्रकटीकरण वाचायच्या तीन मोठ्या रीती आहेत. त्यातलं बरंचसं रोमच्या काळातच होऊन गेलं म्हणणारे एक, इतिहासात ते टप्प्याटप्प्याने चाललंय म्हणणारे दुसरे, आणि सगळं अजून व्हायचंय म्हणणारे तिसरे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला आणि काहींनी उभी पिकं शेतात सोडली. वास्तविक तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द येशूच्या तोंडी आहे. माझं मत विचाराल तर आजोबांची चौथी रीत मला पटते. भाव लिहायचे आणि तागडी कोणाच्या हातात आहे ते पाहायचं.

चीनच्या युद्धानंतर 1964 मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आली. तिथे स्फोटकं तयार होतात. 24 जानेवारी 2025 च्या सकाळी तिथे स्फोट झाला, आठ कामगार गेले. त्याच संध्याकाळी माझ्या मोबाइलवर दोन मजकूर आले. एकात शनीची दशा होती, दुसऱ्यात प्रकटीकरणाचा अध्याय आणि ओवी. पाठवणारे दोघेही भले लोक, दोघांच्याही ओळखीचं कोणी ना कोणी त्या फाटकातून रोज आत जाणारं. दैवी निवाडा म्हटलं की चौकशीची गरज उरत नाही. इमारत कोणती, साठा किती, पाळीवर कोण, हे विचारायचं राहून जातं. मी दोन्ही मजकूर पुसून टाकले.

तुमच्या घरी कोणी जुनं माणूस असेल तर जग कधी बुडणार हे त्याला विचारू नका. 1972 ला तुमच्या गावात कोणाची कोठी भरलेली होती आणि पेज कोणी वाटली, ते विचारा, आणि नावागावासह लिहून ठेवा.