गिरडच्या टेकडीवरचे दोन टवाळखोर

आजची गोष्ट वर्धा जिल्ह्यातल्या गिरडची. तिथल्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे आणि टेकडीभर विखुरलेले गोल गोल दगड. विज्ञान म्हणतं, हे झिओलाइटचे खडे. दंतकथा म्हणते, हा व्यापाऱ्यांचा माल!

झालं असं, की दोन फिरते व्यापारी नारळ-बिरळ घेऊन चालले होते. वाटेत त्यांनी बाबांची टर उडवली. बाबा भडकले आणि सगळ्या मालाचे दगड झाले. मग दोघं गयावया करायला लागले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून नवा माल करून दिला. दोघं कायमचे त्यांच्या सेवेत राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच, असं सांगतात. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्येही ही गोष्ट आहे.

मला भारी वाटतं ते हे, की लोकांनी ना टवाळी गाळली, ना संताचा राग. दोघं मुकाट पाया पडून गेले असते तर गोष्टच नसती. (आणि दगड नुसते दगड राहिले असते.)

पण त्यांना माफी मिळते, म्हणून ते आपल्याला पचतात. १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम शिवराळ आहे, टाकलेल्या बायकांना घरी आणून राबवतो. सेन्सॉरला तो सोसवला नाही. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. हा माणूस शेवटी सुधारेल, अशी वाट बघत आपण नाटक वाचतो. तेंडुलकर ती सोय ठेवत नाहीत. तरी सखारामवरून नजर हटत नाही.

वाचलं नसेल तर वाचा, मग बोलू.