पंप नसलेलं हृदय

१९७१ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात बोर्दोचे शल्यविशारद फ्रान्सिस फोंताँ यांचा निबंध आला. त्याच्या शीर्षकात 'दुरुस्ती' असा शब्द होता. त्यावर प्रश्नचिन्ह लागायला एकोणीस वर्षं गेली, आणि ते लावलं खुद्द फोंताँनीच.

काही बाळांच्या हृदयात उजवी झडप तयारच होत नाही. मग खालचा उजवा कप्पा, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा पंप, खुरटा राहतो. १९६८मध्ये फोंताँनी तो पंप वगळूनच टाकला आणि शरीरातून परतणारं रक्त फुप्फुसांच्या धमन्यांकडे वळवलं. वाटेतला वरचा उजवा कप्पा थोडाफार जोर लावेल, ही आशा. १९८८ साली लंडनच्या मार्क द लव्हाल यांनी नळ्या-पाण्याचे प्रयोग करून दाखवलं, की तो कप्पा रक्ताची ऊर्जा नुसती घुसळून वाया घालवतो. त्यापेक्षा सरळ नळी बरी. (फ्लुइड मेकॅनिक्स कशाला शिकायचं, याचं इतकं चोख उत्तर मला कॉलेजात कोणी दिलं नव्हतं.)

पंप नाही, तर रक्त फुप्फुसांतून जातं कसं? शिरांमधल्या दाबावर. निरोगी माणसात हा दाब साधारण ८ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो, फॉन्टन ऑपरेशन झालेल्यांत १० ते १५. बसल्या जागी तेवढ्यावर भागतं. जिना चढताना मात्र निरोगी उजवा कप्पा जोर वाढवतो, आणि इथे जोर वाढवायला कोणीच नाही. शिरांतला दाब तेवढा चढतो, विसाच्या पुढेही जातो, त्याचा ताण मागे यकृतावर येतो, आणि इतकं होऊनही शरीराला हवं तेवढं रक्त पुढे सरकत नाही.

१९९०मध्ये फोंताँ आणि सहकाऱ्यांनी पुढचा हिशेब मांडला. शीर्षकातला 'परफेक्ट' हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत टाकला. सगळं मनासारखं जुळून आलं तरी वर्षांगणिक रुग्णांची कार्यक्षमता घटत जाते, असं त्यांनी लिहिलं. स्वतःच्या नावाच्या ऑपरेशनबद्दल असं लिहिणारे किती असतील!

एवढा उशीर का झाला? एक कारण मला आतून माहीत आहे. माझंही लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं, फॉन्टन नव्हे, पण जन्मजात दोषाचंच. 'दम लागतो का?' असं डॉक्टर विचारतात आणि मी 'नाही' म्हणते. ते खरंही असतं, कारण तुलनेला दुसरं हृदय कुठून आणणार? २००५ साली लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टनमधून आलेल्या अभ्यासाने या 'नाही'ची किंमत दाखवली. तोंडावर मास्क लावून ट्रेडमिलवर चालवल्यावर, काहीच त्रास नाही म्हणणारेही निरोगी माणसांपेक्षा बरेच कमी ऑक्सिजन वापरताना दिसले. आता काही ठिकाणी मानेतल्या शिरेतून कॅथेटर घालून, रुग्णाला आडवं ठेवूनच पेडल मारायला लावतात आणि दाब चढताना मोजतात. सर्व्हरवर लोड न टाकता 'चालतोय' म्हणू नये, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यातच शिकवतात.

गमतीचा भाग पुढे आहे. अशा रुग्णांना वर्षानुवर्षं 'जपून राहा, वजन उचलू नका' असंच सांगितलं जाई. २०१३ साली सिडनीच्या डॉक्टरांनी फॉन्टन झालेल्या मोजक्या प्रौढांकडून वीस आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू वाढले, आणि आकुंचन पावताना शिरांतलं रक्त वर ढकलू लागले. ऑक्सिजनचा वापरही वाढला. हृदयात नसलेला पंप थोडाफार पायांत सापडला.