आजीचा फ्रिज आणि अर्थिंगचं रिकामं भोक

हा एपिसोड वाचण्याआधी एक काम करा. घरातल्या थ्री-पिन सॉकेटकडे नीट बघा. वरचं मोठं भोक दिसलं? आजची गोष्ट त्याचीच आहे.

माझी आजी गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या घरात एक नियम होता: फ्रिज उघडायचा तर पायात स्लीपर हवी. नाहीतर झिणझिण्या यायच्या. आम्ही नातवंडं हा नियम सोवळ्यासारखाच पाळायचो, कुणी कारण विचारलं नाही. मग गेल्या पावसाळ्यात ओल्या फरशीवरून आजी अनवाणी गेली आणि असा झटका बसला की दोन दिवस हात वर होईना.

वायरमनने बोर्ड उघडला. सॉकेटला तीन भोकं होती, पण मागे वायरी दोनच!

आता जरा मागे जाऊ. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने 1905 मध्ये वाडीबंदरला वीजनिर्मिती सुरू केली, 1907 मध्ये विजेवरची ट्राम धावली. चाळींमध्ये लाईट हळूहळू पोचली. सागवानी पट्टीवर रबराच्या दोन वायरी, एक फेज आणि एक न्यूट्रल. दोन-चार बल्ब, पुढे पंखा आणि रेडिओ. 5 अँपिअर गुणिले 230 व्होल्ट म्हणजे 1150 वॅट, तेवढ्यात सगळं आरामात बसायचं. आज एकटा 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर ओढतो.

आपली गोल पिन ब्रिटिशांची. तिचं बीएस 546 हे स्टँडर्ड 1934 चं. ब्रिटनने 1947 मध्ये चौकोनी पिनचं स्टँडर्ड आणलं, आपण गोलच ठेवली. यातली अर्थची पिन मुद्दाम लांब असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. किती विचार केलाय बघा! पण आजीकडे फ्रिज आला तेव्हा कुणीतरी फक्त सॉकेट बदललं. अर्थची वायर खालून तीन मजले आणायची कोण?

फ्यूजची कथा तर विचारूच नका. पांढरा चिनी मातीचा किटकॅट फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार पिळलेली. फ्यूज उडणं बंद झालं, पण गरम होऊन भिंतीतली वायर कडक झाली, हात लावला की रबर भुगा होऊन पडत होतं. आपोआप पडणाऱ्या एमसीबीचं जर्मन पेटंट ह्यूगो श्टोट्झ या इंजिनिअरच्या नावावर 1924 मध्येच निघालंय. आमच्याकडे तो यायला शंभर वर्षं लागली! आणि एक लक्षात ठेवा, एमसीबी वायर वाचवतो. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो, 30 मिलिअँपिअरची गळती झाली तरी तो सप्लाय तोडतो.

खरी लढाई मात्र चाळीच्या मीटिंगमध्ये झाली. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीपासून वरपर्यंतची मेन केबल सगळ्यांची, त्यामुळे खर्चही सगळ्यांचा. "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग आता कशाला?" असं अर्धे लोक म्हणत होते. वीस वर्षं हेच ऐकतेय मी. आजी उठून म्हणाली, "मग तोवर मी फ्रिज उघडायचा नाही का रे?"

त्यावर कुणी बोललं नाही. सह्या झाल्या. मागच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा खणला, हिरवी वायर तीन मजले वर आली, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरने टेस्टिंग करून रिपोर्ट दिला, लोड वाढवून मिळाला. सागवानी पट्टी मात्र आजीने टाकू दिली नाही. त्यावर आता कॅलेंडर लटकतं.

परवा गेले होते. झटका येत नाही हे तिला दहादा दाखवलं.

"हो गं, कळलं मला," म्हणत तिने स्लीपर घातली आणि फ्रिज उघडला.