खण, कार्ड आणि कॉडसाहेब

माझं पोट कवितेवर कधीच चाललं नाही. ते चाललं तालुक्याच्या गावातल्या एका ग्रंथालयावर. बी.ए. झालो आणि देवघेवीच्या टेबलाशी जाऊन बसलो, तो अजून तिथंच बसलेला आहे. संगणकात माहिती कशी साठवतात याच्या इतिहासावर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी हात जोडले. म्हटलं, हा इंजिनिअर मंडळींचा विषय. पण रात्री विचार करताना ध्यानात आलं, की हेच काम मी तीस वर्षं हातानं करतो आहे.

आमच्याकडे नवं पुस्तक आलं की त्याची तीन कार्डं लिहायची. एक लेखकाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. तिन्ही वेगवेगळ्या खणांत, अक्षरक्रम सांभाळून लावायची. वाचक कुठल्याही वाटेनं आला तरी पुस्तक सापडलं पाहिजे. मार्चअखेरीला अनुदानाची पाचशे पुस्तकं एकदम आली, की दीड हजार कार्डं! मानेचा काटा ढिला व्हायचा. शिवाय त्या खणांनी एक अख्खी भिंत अडवली होती, ती वेगळीच. शोधणं सोपं करायचं तर नोंदवणं महाग पडतं आणि जागाही जाते. माहितीच्या साठवणुकीचा सारा इतिहास मला तरी या एकाच तिढ्याभोवती फिरताना दिसतो.

सुरुवातीला संगणकाची माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर असे. फितीवरची शेवटची नोंद हवी असेल तर सगळी फीत उलगडायची. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीनं ‘रॅमॅक’ नावाचं यंत्र आणलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावी ते घडलं. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, मिनिटाला १२०० फेरे घेणाऱ्या. त्यांच्यामधून एक यांत्रिक हात वरखाली करत हव्या त्या नोंदीवर जाऊन टेकायचा. वजन टनाहून जास्त, आणि मावायची किती? ५० लाख अक्षरं. माझ्या हिशेबानं दहा-पंधरा कादंबऱ्या. पण हव्या त्या नोंदीवर थेट जाता येतं, ही गोष्ट मोठी होती.

आता जायचं कसं, हा प्रश्न आला. माणसाला चंद्रावर नेण्याची अमेरिकेची तयारी चालू होती, आणि सॅटर्न अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवायचा होता. त्यासाठी आयबीएमनं १९६८ मध्ये आयएमएस नावाची व्यवस्था चालू केली. तिची रचना झाडासारखी होती. खोडाला फांद्या, फांदीला डहाळ्या. वरून खाली प्रश्न विचारला तर उत्तर झटकन. पण ‘हाच स्क्रू आणखी कुठंकुठं वापरला आहे?’ असं उलटं विचारलं की पंचाईत. दुसऱ्या बाजूला चार्ल्स बाकमन या अभियंत्यानं नोंदींना एकमेकींशी साखळीनं जोडणारी व्यवस्था उभारली होती. १९७३ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या भाषणात त्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जहाजाच्या वाटाड्याची उपमा दिली. या नोंदीवरून त्या नोंदीवर, बेट ते बेट. उपमा सुंदर आहे. कवी म्हणून दाद देतो. पण तिच्यात एक गोम आहे. ज्याला समुद्र माहीत नाही त्यानं प्रश्नच विचारू नये, असं तिच्यातून आपसूक ठरतं.

ही गोम आधीच हेरली होती एडगर कॉड यांनी. इंग्लंडात १९२३ साली जन्म, ऑक्सफर्डला गणिताचं शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, मग अमेरिकेत आयबीएममध्ये नोकरी. मॅकार्थीच्या काळातलं संशयाचं वातावरण सोसवेना म्हणून १९५३ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी परतले आणि चाळिशी उलटल्यावर डॉक्टरेट मिळवली. १९७० च्या जूनमध्ये त्यांचा जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी म्हटलं, की नोंदी कोणत्या क्रमानं ठेवल्या आहेत, त्यांची सूची आहे की नाही आणि त्यांच्यापर्यंत जायची वाट कोणती, या तीन गोष्टींशी विचारणाऱ्याला देणंघेणं असता कामा नये. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. आडव्या ओळी, उभे रकाने. दोन तक्ते जोडायचे ते दोन्हींत असलेल्या समान मजकुरानं. विचारणाऱ्यानं फक्त ‘काय हवं’ ते सांगावं. ‘कसं आणायचं’ ते यंत्रानं बघावं.

त्यांचं दुसरं म्हणणं होतं, एक गोष्ट एकाच जागी लिहा. याचं मोल मला स्वतःच्या अंगावरून कळलं. आमच्या ग्रंथालयात माझे तीन कवितासंग्रह आहेत. त्यांतल्या एकाच्या कार्डावर माझं आडनाव आधी आहे, दुसऱ्यावर वडिलांच्या नावासकट पाळण्यातलं नाव, तिसऱ्यावर नुसतं तखल्लुस, म्हणजे टोपणनाव. पुढं संगणक आला, कार्डांवरचा मजकूर जसाच्या तसा त्यात चढला आणि माझे तीन कवी झाले. एका मुलीला माझ्या कवितेवर निबंध लिहायचा होता. तिला माझा एकच संग्रह सापडला आणि मी तिच्यासमोरच बसलो होतो! संगणक बसवणारा मुलगा म्हणाला, ‘चाचा, लेखकांचा तक्ता वेगळा हवा होता. लेखकाला एक क्रमांक द्यायचा आणि पुस्तकाच्या ओळीत तो क्रमांक फक्त लिहायचा.’ आयुष्यभर नावाच्या उच्चारावरून लोकांशी वाद घातले, आणि शेवटी मला एकत्र आणलं ते एका आकड्यानं. बरं, यात जागाही वाचते. लांबलचक नाव एकदाच, बाकी ठिकाणी इवलासा आकडा. जागेची काटकसर दुसऱ्या वाटेनंही होत असे. वर्षाचे चारांऐवजी दोनच अंक लिहायचे. ती काटकसर २००० साल उजाडताना केवढ्याला पडली, हे अनेकांना आठवत असेल.

कॉड यांना घरातच थंड प्रतिसाद मिळाला. कंपनीची झाडाची व्यवस्था नुकती कुठं रुळत होती. आक्षेपही सरळ होता : हे गणित देखणं आहे, पण यंत्र हळू चालेल. १९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथं कॉड आणि बाकमन यांच्या दोन पक्षांत जाहीर वाद झाला. मला वाटतं, आक्षेप घेणारे अडाणी नव्हते. तबकडीवरचा तो हात खरोखर हलावा लागतो, आणि विचारणाऱ्यानं वाट सांगितली नाही तर ती कुणीतरी शोधलीच पाहिजे.

ते काम सॅन होजेमध्येच ‘सिस्टिम आर’ नावाच्या प्रकल्पात झालं. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये प्रश्न विचारायची साधी भाषा मांडली. आज जगभर वापरतात ती एसक्यूएल तिच्यापासूनच निघाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बॉइस मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकारानं अगदी तरुणपणी गेले. सूचीची युक्ती बोइंग कंपनीत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी आधीच काढून ठेवली होती. तिचं नाव ‘बी-ट्री’. यातला ‘बी’ कशाचा, हे दोघांनी कधी सांगितलं नाही! एका पानावर शंभर खुणा, प्रत्येक खूण पुढच्या शंभर खुणांच्या पानाकडे बोट दाखवणारी. चार पानं उलटली की दहा कोटी नोंदींतली नेमकी एक हाती.

पण सूची असली तरी ती प्रत्येक वेळी वापरावी का? इथं पॅट्रिशिया सेलिंजर यांचं काम येतं. १९७९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जे मांडलं त्याला मी व्यवहारज्ञान म्हणेन. तक्त्यात ओळी किती, त्या किती पानांवर पसरल्या आहेत, एका रकान्यात वेगवेगळी मूल्यं किती, याची मोजदाद व्यवस्थेनं जवळ ठेवायची. प्रश्न आला की सगळ्या वाटांचा अंदाजे खर्च काढायचा आणि स्वस्त वाट धरायची. आम्हीही तेच करतो. कुणी एक पुस्तक मागितलं तर खण उघडतो. ‘सगळ्या कादंबऱ्या दाखवा’ म्हणालं, तर कार्डं चाळत कोण बसतो? सरळ कपाटाकडे नेतो. मोजदाद जुनी झाली की अंदाज चुकतो, हेही तसंच. कपाटं हलवली आणि गड्याला सांगितलं नाही, तर तो जुन्याच कोपऱ्यात जाणार.

आमच्या संगणकात पुस्तकाचं नाव टाकल्यावर पडदा बराच वेळ ढिम्म असायचा. वाचक म्हणत, यापेक्षा तुमचे खण बरे होते. त्या मुलानं येऊन पाहिलं. नावाच्या रकान्यावर सूची केलेलीच नव्हती. यंत्र बिचारं प्रत्येक वेळी पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत वाचत होतं. त्यानं एक ओळ लिहिली आणि उत्तर क्षणात येऊ लागलं. मग मी उत्साहानं म्हणालो, ‘सगळ्याच रकान्यांवर सूची कर की!’ तो हसला. म्हणाला, ‘मग तुमचा मार्च कसा निभावेल?’

‘सिस्टिम आर’मध्ये राबलेल्यांपैकी जिम ग्रे यांनी १९८७ मध्ये जियानफ्रँको पुत्झोलू यांच्याबरोबर एक हिशेब मांडला. संगणकाची स्मृती महाग, तबकडी स्वस्त पण सावकाश. मग काय कुठं ठेवायचं? त्या वेळच्या किमतींनुसार त्यांचं उत्तर होतं, जे पान दर पाच मिनिटांत एकदा तरी लागतं ते स्मृतीत ठेवा, बाकीचं तबकडीवर. परीक्षेच्या दिवसांत मागणीची पुस्तकं मी टेबलाखालीच ठेवतो, कपाटात परत लावतच नाही. किमती बदलत गेल्या तसे त्यातले आकडेही पुन्हा पुन्हा काढावे लागले. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

२८ जानेवारी २००७ रोजी ते आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोहून आपली शिडाची होडी घेऊन एकटेच समुद्रात गेले आणि परतले नाहीत. तटरक्षकांनी शोधलं. मित्रांनी उपग्रहांकडून समुद्राची छायाचित्रं मिळवली, त्यांचे लहान लहान तुकडे केले आणि जगभरातल्या हजारो लोकांनी घरी बसून एकेक चौकोन डोळ्यांखालून घातला. या शोधाला सूची नव्हती. माणूस सापडला नाही, होडीही नाही.