आत्याची खरी कमाई

आमच्या आत्याला सैल गाठ खपत नसे. पिशवीचं तोंड असो की लोणच्याच्या बरणीवरचा दादरा, ती सोडायची आणि पुन्हा बांधायची. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. ही गाठ सपाट बसते, जखमीला टोचत नाही आणि हवी तेव्हा चटकन सुटते, हे ती जेवताजेवताही सांगे. शाळेत गाइड होती ना ती!

आपल्याकडे गाइडचं पहिलं पथक 1911 साली जबलपूरला निघालं, तेही गोऱ्या साहेबांच्या मुलींसाठी. आपल्या मुलींना त्यात जागा मिळाली ती पुढे. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था उभी राहिली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गर्ल गाइड्सही तिच्यात आल्या. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. शाळा सुटली तरी पोरगी दोरीशी खेळत मैदानात राहते, एवढंच तिला दिसे, आणि त्यावरून ती बोलेही.

खरी कमाई हा पथकाचा उपक्रम असला की मुली घरोघर जाऊन काम मागायच्या आणि मिळालेले पैसे वहीत लिहून पथकाकडे द्यायच्या. आत्या शेजारच्या वाड्यातल्या काकूंकडे गेली. काकूंनी तिच्या हाती तांदळाचं सूप दिलं आणि एक खडा राहिला म्हणून सगळं सूप पुन्हा निवडायला लावलं. मग दोन आणे दिले. आमचे काका म्हणतात, चार. सोबत गूळपापडीची वडी मात्र होती, याबद्दल दोघांचं एकमत आहे.

आणि मग 12 जुलै 1961 उजाडला. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. आमचं घर रास्ता पेठेत, तिथवर पाणी आलं नाही. पण नदीकाठची माणसं नेसत्या वस्त्रांनिशी शाळांतून येऊन बसली. खडकवासला गेल्यामुळे नळ कोरडे पडले होते. वाड्यांमधल्या जुन्या विहिरी उपसायची पाळी आली. आत्याच्या पथकातल्या मुलींनी विहिरीपासून शाळेच्या ओट्यापर्यंत रांग धरली आणि कळशा हातोहात पोचवल्या. एक मुलगी वही घेऊन चुकलेल्या लेकरांची नावं लिहीत होती. आजीने घरी चूल विझू दिली नाही, भाकरी आणि लसणीची चटणी करत राहिली. आत्याच्या आठवणीत पिठलंही आहे. त्या गर्दीत गाळात घसरून हात मोडलेले एक म्हातारे बाबा आले. आत्याने गळ्यातला स्कार्फ सोडला, त्याचा त्रिकोण उलगडला, कोपर नीट आत बसवलं आणि मानेपाशी ती सपाट गाठ मारली. तो स्कार्फ काही परत आला नाही. आजीने नवा घेऊन दिला, न बोलता.

पुढे 1966 च्या ऑक्टोबरात पुण्यात आळंदी रस्त्याला ‘संगम’ सुरू झालं. जगभरच्या गाइड मुलींचं हे केंद्र. उद्घाटनाला गाइडच्या जागतिक प्रमुख लेडी बेडन-पॉवेल आल्या होत्या. आपण त्यांना अगदी जवळून पाहिलं, असं आत्या सांगते. आई म्हणते, तेव्हा ती मिरजेला लग्नाला गेली होती. मी आत्याच्या बाजूने आहे.

आता खरी कमाई बऱ्याचदा शाळेच्या पटांगणात भेळेचे स्टॉल लावून होते. भेळ छान असते, मुलींना हिशेबही कळतो. पण परक्या दारात उभं राहून काम मागणं आणि ते दुसऱ्याच्या मनासारखं होईपर्यंत करणं, हे त्यात येत नाही. पुराच्या दिवशी कुणी न सांगता आत्याचे हात चालले, ते मला त्या काकूंच्या शिस्तीचं फळ वाटतं. तेव्हा तुमच्या दाराशी एखादी गाइड आली तर नुसती नोट काढून देऊ नका. तिला लसूण सोलायला बसवा, माळा झाडायला लावा, नीट झालं नाही तर पुन्हा करायला सांगा. पैसे मग द्या.